पुतणीला इंग्लिश लिटरेचरच्या असाइनमेंटमध्ये मदत कशी करू? मीच लिहून देऊ का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून कळलं ते असं, पुतणी एसवायबीएला आहे, इंग्लिश स्पेशल घेतलंय, बारावीपर्यंत मराठी मीडियम, आणि असाइनमेंटला अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी' या इंग्लिश कवितासंग्रहातली 'ॲन ओल्ड वूमन' ही कविता आलीय. ती गाईडमधून उतरवतेय, म्हणून तुम्हाला वाटतंय की त्यापेक्षा आपणच चार पानं धड इंग्लिशमध्ये लिहून द्यावीत.

लिहून देऊ नका. मी अशा मुलामुलींना बरीच वर्षं शिकवतोय आणि माझं ठाम मत झालंय की यांचं इंग्लिश कच्चं असतं हे खरं असलं तरी पेन अडतं ते दुसऱ्याच कारणाने, त्यांना कवितेबद्दल सांगण्यासारखं स्वतःचं काही सापडलेलंच नसतं, आणि ते सापडेपर्यंत कोणी बरोबर बसलेलंही नसतं. तुम्ही बसा. तीच खरी मदत.

पहिल्या दिवशी लिहायचं नावच काढू नका. गाईड बंद, मोबाईल लांब, कविता तिला मोठ्याने वाचू दे, दोनदा. मग मराठीत विचारा, हो मराठीतच, की इथे घडतं काय? ती सांगेल, म्हातारी एका माणसाची बाही धरते, पन्नास पैसे मागते, बदल्यात घोड्याच्या नालेचं देऊळ दाखवते म्हणते. त्याने ते आधीच बघितलंय. तरी ती सोडत नाही. तो वैतागून वळतो, आता हिला एकदाचं वाटेला लावू असं ठरवून, आणि तेवढ्यात ती एकच वाक्य बोलते, की या असल्या डोंगरांवर म्हातारीने दुसरं करायचं तरी काय. तिथून पुढे सगळं फिरतं, तिच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या कातडीच्या बाहेर पसरत जातात, डोंगर तडकतात, देवळं तडकतात, आभाळ फुटून खाली येतं, म्हातारी मात्र जागची हलत नाही. आणि तो माणूस? तिच्या हातातली चिल्लर होऊन जातो.

इथे थांबा आणि पेन्सिलीने दोन जागांना गोल करायला सांगा, सुरुवातीचे पन्नास पैसे आणि शेवटची चिल्लर. मग विचारा, सुरुवातीला पैसे द्यायचे की नाही हे कोणाच्या हातात होतं आणि शेवटी कोण कोणाच्या हातात आहे? झालं, असाइनमेंटचा मुद्दा तिला मिळाला. दुसरा प्रश्न, कवितेत त्या माणसासाठी 'आय' नाहीये, 'यू' आहे, म्हणजे बाही कोणाची धरलीय? हे ती स्वतः बोलली ना की तिचा चेहरा बघा तुम्ही. मला शिकवण्यात सगळ्यात जास्त आनंद ह्याच क्षणाचा होतो.

अजून एक, जेजुरीला जाऊन आलेली असेल तर गडाच्या पायऱ्या, भंडारा, मागे लागणारी माणसं हे सगळं तिने डोळ्यांनी बघितलंय. ती शिदोरी तिला वापरू द्या, पण असाइनमेंट आमची जेजुरी सहल होऊ देऊ नका, प्रत्येक वाक्य कवितेतल्या कुठल्या तरी ओळीला धरून पाहिजे.

आता लिहिणं. मुलं हमखास कवीच्या चरित्राने सुरुवात करतात, जन्म, पुरस्कार, पानभर. पुस्तक १९७६ चं, १९७७ ला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं, हे एका वाक्यात बसतं, पुढे चला. आय. ए. रिचर्ड्स हे इंग्लिश समीक्षक केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगताच कविता वाचायला द्यायचे, १९२९ चं त्यांचं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक त्यातूनच आलं, तेव्हा चरित्राशिवाय कवितेवर लिहिता येतं ही तुझ्या अभ्यासक्रमातलीच गोष्ट आहे असं तिला सांगा. पहिल्या परिच्छेदात तिचा मुद्दा, नंतर प्रत्येक परिच्छेदात कवितेतला एक तुकडा आणि त्याखाली तो तुकडा काय करतोय यावर निदान दोन वाक्यं. नुसती ओळ उतरवून 'धिस शोज द ब्यूटी ऑफ द पोएम' लिहिलं की मार्क जातात, कारण त्यात काहीच सांगितलेलं नसतं.

इंग्लिश कच्चं राहू दे पहिल्या ड्राफ्टला. वाक्यं छोटी. तुम्ही लाल पेन घेऊन सगळं पान रंगवू नका, मुलं त्याने खचतात आणि परत गाईडकडे जातात. एका वेळी एकच प्रकारची चूक धरा. आधी काळ, कारण कवितेत काय होतं ते वर्तमानकाळात लिहायची पद्धत आहे आणि मुलं अर्ध्या वाक्यात भूतकाळात घसरतात. पुढच्या वेळी 'ए' आणि 'द', ते मराठीत नसतातच त्यामुळे वेळ लागणार. चुकीच्या जागी नुसती खूण करा, दुरुस्त तिला करू दे, मग मोठ्याने वाचायला लावा, निम्म्या चुका तिच्या तिलाच ऐकू येतात.

चॅटजीपीटीचं विचाराल तर ड्राफ्ट झाल्यावर एखादं वाक्य व्याकरणाने बरोबर आहे का हे विचारायला हरकत नाही, कॉलेजची परवानगी असेल तर. कवितेचा अर्थ आधीच त्याला विचारला तर वर सांगितलेलं सगळं वाया.

आणि सबमिशन उद्यावर आलं असेल तर चार पानांचा हट्ट सोडा. पन्नास पैसे ते चिल्लर एवढाच मुद्दा घेऊन तिने तिच्या इंग्लिशमध्ये दीड पान लिहू दे, ते द्या.