मोठा सॅमन गळाला लागावा म्हणून कोणतं ल्यूर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच सिएटलला आला आहात, ऑगस्टमध्ये मित्राच्या नावेतून पहिल्यांदा सॅमन धरायला जायचंय, आणि दुकानात भिंतभर टांगलेली ल्यूर, म्हणजे गळाला लावायची खोटी भक्ष्यं, बघून काहीच सुचेनासं झालं. मोठ्या माशाला मोठं ल्यूर लागतं का, असंही विचारलंय.

मी सिएटलजवळ टॅकोमात राहतो. सोळा वर्षं इथल्या पाण्यात गळ टाकतोय. लहानपणी देवगडच्या खाडीत वडलांबरोबर गरवायला जायचो, तेव्हा गरीला कोळंबी लावली की झालं. इथं आल्यावर मीही तुमच्यासारखाच त्या भिंतीसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांत मोठं, सहा इंची ल्यूर उचललं. तीन आठवडे एक मासा लागला नाही. शेवटी एकदा बारीक चमचा लावला, चमचा म्हणजे स्पून, पत्र्याचं चपटं ल्यूर, आणि बारा पौंडाचा किंग सॅमन मिळाला. धक्क्यावर साफ करताना त्याचं पोट उघडलं तर आत करंगळीएवढे, चांदीच्या पट्टीसारखे नऊ मासे. इथले लोक त्यांना कॅन्डलफिश म्हणतात. सगळे एकाच मापाचे, साडेतीन इंचांच्या आसपास. माझ्या चमच्याचं मापही तेवढंच होतं.

तेव्हापासून ल्यूर निवडायची माझी पद्धत एकच आहे: या पाण्यात मासा आत्ता काय खातोय, आणि मुळात खातोय का?

दुसरा भाग महत्त्वाचा, कारण समुद्रातला सॅमन आणि नदीतला सॅमन यांचं वागणं अगदी वेगळं. खाऱ्या पाण्यात तो हावरा असतो. हेरिंग, कॅन्डलफिश, म्हाकुल, मिळेल ते गिळतो. अंडी घालायला नदीत शिरला की खाणं बंद. अंगातल्या चरबीवर वर चढत राहतो. नदीत धरलेल्या किंगचं पोट उघडा, रिकामं आणि आक्रसलेलं दिसेल. तरीही तो ल्यूरवर तुटून पडतो, पण चिडून किंवा जुन्या सवयीनं. म्हणून समुद्रात ल्यूर खाण्यासारखं दिसायला हवं आणि नदीत ते त्याच्या नाकासमोर सतत सतावणारं हवं.

मोठा सॅमन म्हणजे चिनूक, ज्याला सगळे किंग म्हणतात. (मुंबईच्या बाजारात रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण त्याचं याच्याशी काही नातं नाही.) गळावर धरलेल्या किंगचा विक्रम अलास्कातल्या केनाई नदीवरचा आहे. लेस अँडरसन यांनी १७ मे १९८५ रोजी ९७ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे ४४ किलोंचा मासा काढला. आपल्या प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटलला लागून असलेल्या समुद्राच्या खाडीत, वीस पौंडांचा मिळाला तरी दिवस सोन्याचा समजा.

तुम्ही ऑगस्टमध्ये साउंडमध्ये जाणार, म्हणजे खारं पाणी. तिथं माझ्या पेटीत तीनच गोष्टी असतात. तीन ते चार इंचांचे चमचे, हूची म्हणजे प्लास्टिकचं म्हाकुल, आणि या दोघांच्या पुढे लावायची अकरा इंची फ्लॅशर. फ्लॅशर ही नुसती पट्टी, तिला गळ नसतो. ती पाण्यात गोल फिरते आणि दुरून पाहणाऱ्या माशाला वाटतं की तिथं कुणीतरी शिकारीवर तुटून पडलंय.

नवीन माणूस चुकतो तो इथं. हूचीला स्वतःचा जीव नसतो. फ्लॅशर फिरताना जो झटका देते त्यावरच ती नाचते, म्हणून फ्लॅशर आणि हूची यांच्यातली दोरी आखूड हवी, ३६ ते ४२ इंच. चमचा आपला आपण डुलतो, त्याला मोकळीक हवी, पाच-सहा फूट द्या. लांब दोरीवरची हूची मेल्यासारखी मागून ओढली जाते आणि लोक रंगाला दोष देत बसतात.

रंगाचं म्हणाल तर, पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी विझतो. खाली तो काळपट दिसतो. हिरवा आणि निळा खोलवर टिकतात. किंग बहुतेक वेळा तळाशी असतो, शंभर-सव्वाशे फुटांवर, म्हणून हिरवा-चंदेरी किंवा अंधारात चमकणारा चमचा घ्या. चमकणाऱ्यावर खाली सोडण्याआधी टॉर्च धरायचा. पण रंगापेक्षा ल्यूरची खोली आणि ते मागून ओढणाऱ्या नावेचा वेग जास्त मोलाचे. ल्यूर आधी नावेच्या कडेला पाण्यात धरा आणि कसं पोहतंय ते डोळ्यांनी बघा. नीट डुलत असेल तोच वेग कायम ठेवा.

नदीवर गेलात तर खेळ बदलतो. कोलंबिया नदीत सप्टेंबरमध्ये आम्ही नाव नांगरून बसतो आणि प्रवाहात क्विकफिश सोडतो, केळ्यासारखं वाकडं प्लास्टिकचं ल्यूर. इथं मात्र मोठं चालतं, कारण आता भक्ष्याच्या मापाचा प्रश्नच उरत नाही. त्याच्या पोटाला तारलीची पातळ फाक बांधायची. कातडी ल्यूरकडे, मांस बाहेर. पुढच्या टोकाला छोटी खाच पाडायची आणि बारीक, ताणला जाणाऱ्या दोऱ्यानं घट्ट गुंडाळत जायचं. फाक एका बाजूला सरकली तर ल्यूर तिरकं पोहतं. उजवीकडे पळत असेल तर नाकातली कडी पक्कडीनं किंचित डावीकडे वळवायची. सरळ झालं की रॉडचं टोक एका लयीत थरथरू लागतं, आणि मग अचानक वाकून पाण्याला टेकतं. ते बघायला मी दरवर्षी तीन तास गाडी चालवत जातो.

ल्यूर हाताळण्याआधी हात बिनवासाच्या साबणानं धुवा. सनस्क्रीन, पेट्रोल काही नको. १९५० च्या दशकात कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की आपल्या त्वचेतल्या एल-सेरीन या घटकाचा वास आला की सॅमन बिथरतात.

नियम आधी वाचा, ते दरवर्षी आणि दर भागाला बदलतात. लायसन्स आणि पकडीची नोंद करायचं कार्ड लागतंच. साउंडमध्ये सॅमनसाठी गळाला काटा, म्हणजे टोकाजवळचा उलटा दात, चालत नाही, म्हणून ल्यूरवर तीन तोंडांचा गळ असेल तर मी तो काढून बिनकाट्याचा एकेरी लावतो. साउंडमधले किंग १९९९ पासून धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहेत. शेपटीजवळ पाठीवरचा छोटा मऊ पर कापलेला असेल तर तो संवर्धन केंद्रात वाढवून सोडलेला मासा. पर शाबूत असेल तर तो रानटी, त्याला नावेत न घेता पाण्यातच सोडायचं. कितीही मोठा असला तरी. मी एकदा पंचवीस पौंडांच्या आसपासचा सोडलाय. हात थरथरत होते, पण तो शांतपणे खाली गेला.

आता दुकानात जाल तेव्हा दोन फ्लॅशर, साडेतीन इंची हिरवे-चंदेरी दोन चमचे, एक चमकणारा चमचा आणि एक हिरवट-पांढरी हूची, एवढंच घ्या. उरलेल्या पैशात गळ पाजळायची चांगली कानस येईल. आणि पहिला मासा साफ करताना पोट नक्की उघडा. आत काय निघालं, किती इंचांचं, ते इथं लिहा. मी वाट बघतो.