इंग्लंडमध्ये नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या, हवेलीत बिनपगारी काम करावं का? इंग्रजी अडखळत असेल तर घेतात का?

घेतात. मला घेतलं, तेव्हा मला इंग्रजीत सलग चार वाक्यं बोलायची धास्ती वाटायची.

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या व्हिसावर आलात, नोकरी मिळेपर्यंत हे करावं असं वाटतंय, पण घरचे म्हणतात, ‘फुकट राबून काय मिळणार?’ हे वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या सख्ख्या भावाने मला हेच ऐकवलं होतं, वर ‘आणि तेही कर्झनच्या घरी!’ एवढं जोडून.

मी डर्बीत राहते. इथून थोड्याच अंतरावर केडलस्टन हॉल आहे, कर्झन घराण्याची हवेली. १७५९ साली बांधायला घेतलेली. आतलं मार्बल हॉल नावाचं दालन पाहिलं की मान वरच राहते, एकेक करत अलाबास्टर नावाच्या दगडाचे वीस खांब. कोलकात्याचं गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे नंतरचं राजभवन, याच हवेलीचा आराखडा समोर ठेवून बांधलं, १८०३ मध्ये पुरं झालं. म्हणजे कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन गेला तो आपल्याच घराच्या नकलेत राहायला. १९८७ पासून हवेली ट्रस्टकडे आहे.

दादा फोनवर म्हणाला, “बंगालची फाळणी करणाऱ्याच्या दिवाणखान्यात तू पहारा देणार?” मी काही बोलले नाही. तेव्हा उत्तर नव्हतंच माझ्याकडे.

उत्तर मिळालं ते एका झग्यापाशी. लेडी कर्झनने १९०३ च्या दिल्ली दरबारातल्या नृत्यसमारंभात घातलेला तो झगा. मोरपिसांवर मोरपिसं, सगळी जरीत भरलेली. कापड दिल्लीच्या कारागिरांनी भरलं आणि शिवण पॅरिसच्या वर्थ या पेढीची. झग्यापुढे उजेड मुद्दाम मंद असतो. जुन्या कापडावर पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर उजेड पडू द्यायचा नाही, हा या क्षेत्रातला दंडक. डोळे सरावायला मिनिटभर लागतं, मग पिसांचे हिरवे डोळे चमकायला लागतात.

माझं आजोळ येवल्याचं. मामाकडे पैठणीचे माग. जरीची तार हातात घेऊन खरी-खोटी ओळखायला मी शाळेत जायच्या आधी शिकले. आणि त्या झग्यापुढे उभी राहून मी तीन आठवडे गप्प होते, कारण शब्द सापडत नव्हते.

एका दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या. नवऱ्याला सांगत होत्या, बघ, फ्रेंच लोकांचा हात कसा असतो ते. आणि ते पाचू! मला गप्प बसवेना. म्हटलं, नाही, हे काम दिल्लीचं. ताणून बसवलेल्या कापडावर करतात. सुई कशी वर येते, तार कशी टाक्याखाली दाबतात, ते हाताने हवेत करून दाखवलं. आणि पाचू नाहीत ते, किडे आहेत. सोनकिड्याच्या पंखांवरचं कडक कवच कापून लावलंय. लहानपणी आम्ही सोनकिडे काडेपेटीत ठेवायचो, बाभळीचा पाला घालून, हेही सांगितलं. माझं व्याकरण किती वेळा घसरलं कोण जाणे. बाई पुढच्या दालनात गेलेल्या बहिणीला बोलावून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, पुन्हा सांग.

इंग्रजीच्या भीतीवर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. ज्याला वस्तू कळते त्याचं लोक ऐकतात.

दादाचं म्हणणं अजून तेच आहे. पण तो सगळं एका पोत्यात भरतो. लुटून नेलेलं परत द्यायला हवं, हे मी तिथे कोणी विचारलं तर स्पष्ट सांगते. ट्रस्टनेच २०२० मध्ये आपल्या वास्तूंचे वसाहतवादाशी असलेले संबंध मांडणारा अहवाल काढलाय, त्यात चोरून बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. झगा मात्र लुटीचा नाही, सांगून करून घेतलेला आहे. त्यावर ज्यांचे डोळे शिणले त्यांची आठवण कोणी काढायची? मी घरी बसले म्हणून कर्झनचं काय बिघडणार होतं? त्या बाई ‘फ्रेंच, फ्रेंच’ म्हणतच घरी गेल्या असत्या. तुमच्या घरच्यांनाही हेच विचारा.

नोकरीला उपयोग? मला झाला. ग्रंथालयात अर्ज केला तेव्हा इथल्या माणसाचं शिफारसपत्र जोडता आलं. सगळ्यांना होईलच असं नाही. पगार नाही, प्रवासखर्च मात्र अर्ज करतानाच विचारून घ्या. स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला असं काम करायला अडचण नसते, तरी आपल्या व्हिसाच्या अटी एकदा नीट वाचा. सासू-सासरे फिरायला आले आणि त्यांनाही हौस वाटली, तर व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण तीस दिवसांपर्यंतच चालतं. अशा हवेल्या बहुधा गावाबाहेर असतात. मी गाडी शिकले ती त्याचसाठी. तासन् तास उभं राहावं लागतं, खोल्या गार असतात. खुर्च्या दिसतील, पण त्यांच्यावर कोणी बसू नये म्हणून वाळलेली काटेरी बोंडं ठेवतात. आतून गरम कपडे घाला.

आणि अर्जात शिवण-टिपण, भरतकाम, अगदी साडीला फॉल लावता येत असेल तरी लिहा. मी लिहिलं नव्हतं. पहिला महिना मी पुस्तकांच्या कपाटांपाशी उभी होते.