एमपीएचच्या मुलांना 'बेसिक कॉम्प्युटर' शिकवायची ऑफर आलीय, घेऊ का?

भांडुपच्या एका मुलीचं पत्र आहे, नाव छापू नका म्हणालीय. बीएस्सी आयटी झाली, दोन वर्षं एका कंपनीत सपोर्टला होती, कॉन्ट्रॅक्ट संपलं. आता मुंबईतल्या एका कॉलेजने विचारलंय की एमपीएचच्या, म्हणजे पब्लिक हेल्थ मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला बेसिक कॉम्प्युटर शिकवशील का, व्हिजिटिंग म्हणून, तासाप्रमाणे पैसे. वर्गात बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंगवाले, थोडे बीएसडब्ल्यू. बाबांचं म्हणणं, एमएस-सीआयटीच शिकवायचं होतं तर बीएस्सी कशाला केलीस. आणि तिचा प्रश्न, मॅडम घेऊ का, यातून पुढे काही आहे का?

अगं घे. पण तिथे जाऊन एमएस-सीआयटी शिकवणार असशील तर नको घेऊस, मग बाबा बरोबर आहेत. एमएस-सीआयटीला मी नावं ठेवत नाहीये, आमच्या घरात तिघांनी माऊस पहिल्यांदा तिथेच धरला. पण या मुलांना लागतं ते वेगळं.

माझीच फजिती सांगते. आधी मी एका संस्थेत होते, मानखुर्दच्या वस्तीत लहान मुलांची वजनं घ्यायचो. वह्यांमधलं सगळं एक्सेलमध्ये चढवलं, मग म्हटलं वजनाप्रमाणे लावूया म्हणजे कमी वजनाची पोरं वर येतील. वजनाचा कॉलम सिलेक्ट केला, सॉर्ट दाबलं, एक्सेलने विचारलं बाजूचे कॉलम पण घेऊ का, मी म्हटलं कशाला उगाच, नको. झालं! वजनं सरकली आणि नावं तिथल्या तिथे. दोन महिन्यांचं बाळ १४ किलोचं आणि चार वर्षांचा मुलगा साडेतीन किलोचा. वर फाईल सेव्ह करून बंद पण केलेली, म्हणजे अनडू गेलं. दोन दिवस परत वह्या घेऊन बसलो सगळे, आणि ते सुद्धा कोणीतरी १४ किलोचं बाळ बघून हसलं म्हणून कळलं, नाहीतर रिपोर्ट तसाच वर गेला असता.

तर तुझा पहिला तास हा. त्यांनाच असं सॉर्ट करायला लाव, चुकू दे, हसू दे.

दुसरी गंमत वयोगटाची. सेलमध्ये १-४ टाइप करायचं, म्हणजे एक ते चार वर्षं, आणि एंटर मारायचं. एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, आपल्याकडच्या सेटिंगला १ एप्रिल, अमेरिकन सेटिंग असेल तर ४ जानेवारी. आधी कॉलम टेक्स्ट करून ठेवायचा हे एकदा कळलं की विषय संपला, पण ते सांगणारं कोणी नसतं गं. तसंच घर नंबर ००७ टाकला की नुसता ७ उरतो. आणि वॉर्डचं नाव तर विचारू नकोस, एकजण एम ईस्ट लिहितो, एक एम/ई, एक एम पूर्व, चौथ्याने शेवटी एक स्पेस जास्त दिलेली, मग पिव्होट टेबल, म्हणजे गटवार मोजणीचा तक्ता, काढलं की एकाच वॉर्डच्या चार रांगा येतात आणि मुलं म्हणतात मॅडम कॉम्प्युटर चुकतोय.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हां. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० मधले इंग्लंडचे कोविडचे १५,८४१ पेशंट रोजच्या आकड्यात आलेच नव्हते, कारण मधे कुठेतरी जुन्या एक्सएलएस फॉरमॅटची फाईल वापरली होती, तिच्यात ६५,५३६ रांगाच मावतात, पुढचं गळालं. नवीन फॉरमॅटमध्ये १०,४८,५७६ रांगा मावतात. पेशंटना रिझल्ट मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना फोन करायचं काम लांबलं. ही गोष्ट वर्गात सांग, फाईलचं एक्स्टेन्शन म्हणजे काय हे परत शिकवावं लागणार नाही.

मुलं कशी असतील ते पण ऐकून ठेव. काही तुझ्यापेक्षा मोठे, दहा वर्षं वॉर्डात ड्युटी केलेली सिस्टर असेल, तिला कॉम्प्युटरची भीती नाही वाटत, लाज वाटते. मोबाईलवर सगळं येतं त्यांना, पण डाउनलोड केलेली फाईल कुठे गेली ते सापडत नाही. पहिले दोन तास फोल्डर, फाईलला नाव देणं, बॅकअप यातच जाऊ देत. त्यांना अगं-तुगं करू नकोस आणि त्यांच्या हातातला माऊस ओढून घेऊ नकोस, आपण आयटीवाले हे फार करतो.

एक्सेल जमलं की कोबोटूलबॉक्सवर, म्हणजे मोबाईलवरून माहिती भरायचे फॉर्म बनतात त्या साइटवर, छोटा फॉर्म बनवायला लाव, वय महिन्यांत, ० ते ५९ च्या बाहेरचा आकडा घेणारच नाही असा. मग एनएफएचएस-५ ची, म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेची, मुंबई आणि मुंबई उपनगर अशी दोन वेगळी फॅक्टशीट्स आहेत ती उघड, आणि हा सर्व्हे देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेतून चालतो हे सांग, गोवंडी स्टेशनवरून रोज जाणाऱ्यांना पण माहीत नसतं. त्यातले दहा आकडे शीटमध्ये घेऊन एक साधा चार्ट. पॉवरपॉइंटच्या ॲनिमेशनवर अजिबात तास घालवू नकोस. ज्यांच्याकडे घरी एक्सेल नाही त्यांना लिब्रेऑफिस कॅल्क दे, फुकट आहे, आणि आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियलवर त्याचे मराठी व्हिडिओ आहेत. आणि हो, पेशंटच्या नावाची शीट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही हे पहिल्याच आठवड्यात सांग. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे गोपनीयतेचा.

आता तुझं. तासिकेवर घर चालत नाही, सुट्टीत पैसे नाहीत, आणि बीएस्सीवर कायम लेक्चरर होता येत नाही, त्याला मास्टर्स आणि नेट किंवा सेट लागते. म्हणून याला नोकरी समजू नकोस, सहा महिन्यांची एंट्री समज. तुला कॉम्प्युटर येतो, आरोग्याचं काही येत नाही, आणि समोर तीस जण आरोग्यवाले बसलेत, फुकटची शिकवणी आहे ती. टीबीच्या पेशंटची नोंद होते ते निक्षय पोर्टल काय, साथरोगांचे एस, पी, एल (लक्षणं, डॉक्टरांचा अंदाज, लॅब) फॉर्म कोण भरतं, २०२१ पासून ते आयएचआयपी या सरकारी पोर्टलवर कसे जातात, सगळं त्यांना विचार. सोबत स्वतः आकडेवारीसाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस शिकायला घे, दोन्ही फुकट. मग संस्थांमध्ये डेटा मॅनेजर, मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन अशा पोस्ट निघतात त्यांना अर्ज करताना तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल. नुसते आयटीवाले खूप येतात तिथे, एएनएमच्या, म्हणजे आरोग्यसेविकेच्या, रजिस्टरमधला कॉलम वाचता येणारे कमी.

हो म्हणायच्या आधी एकूण तास किती आणि तासाला किती ते मेलवर लिहून घे, तोंडी नको. आणि एकदा लॅबमध्ये जाऊन प्रत्येक मशीन चालू करून बघ, तीस मुलांना अकरा चालू पीसी असतील तर दोन बॅचचे पैसे आत्ताच माग. पहिला तास झाला की कळव, १४ किलोचं बाळ कोणाच्या शीटमध्ये आलं ते.