वाचकांचे प्रश्न : माकडतापाचा अभ्यास उंदरांवर का?

प्रश्न : आमच्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. या रोगाने रानातली माकडे मरतात हे आम्ही पाहिले आहे. तरीही प्रयोगशाळेत त्याचा अभ्यास पांढऱ्या उंदरांवर होतो, असे वाचनात आले. उंदीर आणि माणूस यांच्यात एवढे अंतर असताना त्यातून काय कळणार? आणि कळत असेल, तर कोविडच्या लशीसाठी माकडे कशाला लागली?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आपल्या शंकेचे मूळ माकडतापाच्या इतिहासातच सापडते. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने फणफणली. तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील (एनआयव्ही), संशोधकांनी तेथून आणलेले नमुने उंदरांच्या तान्ह्या पिल्लांना टोचले आणि त्यातूनच हा विषाणू हाती लागला. विषाणू आहे की नाही हे शोधण्यासाठी उंदराचे पिल्लू उत्तम होते, कारण तो त्याच्या मेंदूत झपाट्याने वाढतो. परंतु माणसाला या रोगात जोराचा ताप येतो, रक्तातील प्लेटलेट्स घटतात, कधी रक्तस्राव होतो. उंदरात मात्र मुख्यतः मेंदूच बाधित होतो. त्यामुळे रक्तस्राव का होतो, या प्रश्नाचे उत्तर उंदराकडे मागून उपयोग नाही. त्यासाठी हा रोग होऊन जे दगावते, ते आपल्याकडचे लाल तोंडाचे माकड अधिक जवळचे ठरते.

अमुक प्राणी माणसाच्या जवळचा, म्हणून तो चांगला, इतके हे सरळ नाही. आधी विषाणूला त्या प्राण्याच्या पेशीत शिरता आले पाहिजे. कोविडचा मूळ विषाणू ज्या एसीई-2 प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो, त्याचे उंदरातील रूप थोडे वेगळे असल्याने साधा उंदीर आजारीच पडेना. कोविडच्याच कुळातील विषाणूमुळे होणाऱ्या सार्स या आजाराच्या अभ्यासासाठी मानवी एसीई-2 असलेले उंदीर 2007 मध्ये तयार करण्यात आले होते. तेच 2020 साली पुन्हा कामाला आले. सोनेरी हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्यात मात्र असा कोणताही बदल करावा लागला नाही. नाकात विषाणूचे थेंब सोडले, की काही दिवसांतच त्याच्या फुप्फुसात न्यूमोनिया दिसू लागतो आणि रोज तराजूवर ठेवल्यास त्याचे वजन उतरताना दिसते. लस दिलेल्या हॅमस्टरचे वजन टिकले, तर तो आकडा बरेच काही सांगून जातो.

मग माकडे का? इबोलाचा अनुभव येथे लक्षात घ्यावा. निरोगी प्रौढ उंदराला इबोलाचा मूळ विषाणू मारत नाही. म्हणून तो उंदरांतून पुन्हापुन्हा वाढवून त्यांच्यासाठी घातक असा वेगळा प्रकार संशोधकांना तयार करावा लागला. उंदीर आणि गिनीपिग यांना वाचवणाऱ्या काही लशी पुढे माकडांना मात्र वाचवू शकल्या नाहीत. लहान प्राण्यांतील यशावर विसंबून त्या थेट माणसाला दिल्या असत्या तर काय झाले असते, याचा विचार माकडांवरील प्रयोगांना सरसकट विरोध करणाऱ्यांनीही करावा, असे मला मनापासून वाटते.

कोव्हॅक्सिनच्या वेळी एनआयव्हीने 20 रीसस माकडांचे प्रत्येकी 5 असे चार गट केले. तीन गटांना चौदा दिवसांच्या अंतराने लशीच्या दोन मात्रा दिल्या, चौथ्या गटाला लस दिली नाही, आणि दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवसांनी सर्वांना विषाणूची बाधा केली. त्यानंतर नाक-घशाचे स्वाब, फुप्फुसातील द्राव आणि एक्स-रे असे तपासत गेले. बाधेनंतर सातव्या दिवशी माकडांना वेदनारहित मरण देऊन फुप्फुसे पाहिली, तेव्हा लस न मिळालेल्यांत न्यूमोनिया होता, लस मिळालेल्यांत नव्हता. ही वीस माकडे गेली, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. म्हणूनच प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधणे, संख्या कमीत कमी ठेवणे आणि वेदना टाळणे ही 1959 पासून मांडली जाणारी तीन तत्त्वे मला केवळ कागदी अट वाटत नाहीत. 2023 मध्ये आपल्या औषध नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांविना केलेल्या चाचण्यांनाही मान्यता मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. मात्र ताप, प्रतिकारशक्ती आणि फुप्फुस यांचा एकत्रित खेळ अजून काचेच्या बशीत पूर्णपणे उभा करता येत नाही.

आपल्या रानातील मेलेले माकड हीदेखील संशोधकांसाठी मोलाची खबर असते, कारण ते रोगाची चाहूल आधीच देते. मात्र माकड मेले की त्याच्या अंगावरील, हा रोग पसरवणाऱ्या गोचिड्या उतरून आजूबाजूच्या पाचोळ्यात पसरतात. त्यामुळे असे माकड दिसल्यास जवळ न जाता, त्याला हात न लावता, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला लगेच कळवावे.