पहिली क्लासिक गाडी म्हणून १९७२ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेऊ का? लाइट मंद, इंडिकेटर मधेच बंद पडतात

घ्या की, लाइट-इंडिकेटरवरून सौदा मोडू नका, फक्त गंज नीट बघा. या गाडीला वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नाही, बॉडीची ताकद दाराखालच्या सिलमध्ये (पत्र्याच्या पोकळ पट्टीत) असते, तिथे लोहचुंबक फिरवा, चिकटला नाही तर आत पुट्टी भरलीय समजा आणि सरळ निघून या. मंद लाइटचं कारण बहुतेक वेळा खराब अर्थिंग, म्हणजे वायर बॉडीच्या पत्र्याला जोडलेली असते तो सैल किंवा गंजलेला जोड, माझ्या एमजीबीतही तेच निघालं. सीटमागच्या दोन्ही ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांचं कनेक्शन काढा, अर्थिंगचा स्क्रू सोडवून खालचा पत्रा सॅंडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, परत घट्ट आवळा. एवढं करूनही लाइट मंदच राहिले किंवा फ्यूज उडत असेल तर मात्र वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा.