महिला स्क्वॉशपटूंपैकी कोणाची कारकीर्द मुलीला आधी सांगावी?

आपला प्रश्न असा आहे की, म्हापशात राहणारी आपली तेरा वर्षांची मुलगी दोन वर्षे स्क्वॉश खेळते आहे, अलीकडे सामने हरून आली की खेळ सोडायचे म्हणते, आणि अशा वेळी तिला कोणत्या नामवंत खेळाडूंविषयी सांगावे हे आपल्याला सुचत नाही. मी फोंड्यात राहते आणि काही वर्षांपासून संध्याकाळी मुलांकडून स्क्वॉशचा सराव करून घेते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. माझे मत असे की, विजेतेपदांची यादी तिच्यापुढे ठेवू नये. मुलींच्या गटात नाव झाल्यापासून मोठ्या गटात शिखर गाठेपर्यंत त्या खेळाडूची किती वर्षे गेली आणि त्या वर्षांत ती काय करत होती, ते सांगावे.

म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या हेदर मॅके यांच्यापासून सुरुवात करू नका. १९६२ ते १९७७ अशी सलग सोळा वर्षे त्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली, आणि साऱ्या कारकिर्दीत त्या फक्त दोन सामने हरल्या. या खेळात यापेक्षा थोर कामगिरी मला माहीत नाही. पण हरून आलेल्या मुलीला त्यातून धीर मिळणार नाही.

मी इजिप्तच्या रनीम एल वेलिली यांच्यापासून सुरुवात करते. २००५ आणि २००७ अशा दोन वेळा त्या ज्युनियर विश्वविजेत्या झाल्या, पण मोठ्यांचे विश्वविजेतेपद मिळायला २०१७ साल उजाडले. मधल्या काळात, डिसेंबर २०१४ मध्ये, कैरोला घरच्या प्रेक्षकांसमोर झालेल्या विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात मलेशियाच्या निकोल डेव्हिड यांच्याविरुद्ध त्या दोन गेम विरुद्ध एक अशा पुढे होत्या आणि चौथ्या गेममध्ये त्यांच्या हाती चार मॅच बॉल होते. म्हणजे आणखी एकच गुण मिळाला असता तर विजेतेपद त्यांचे होते. निकोल यांनी चारही वाचवले, तो गेम घेतला आणि पाचवाही घेतला. असा सामना हातचा गेल्यावर पुन्हा कोर्टावर उभे राहणे किती जड जात असेल, हे ज्याने एकदा तरी मॅच बॉल गमावला आहे त्यालाच कळेल. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१५ मध्ये, रनीम यांनी त्याच निकोल यांचे जागतिक क्रमवारीतले पहिले स्थान घेतले, जे निकोल यांनी सलग नऊ वर्षे सांभाळले होते.

निकोल यांचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. पेनांगची ही मुलगी १९९९ आणि २००१ मध्ये ज्युनियर विश्वविजेती झाली, त्यानंतर घर सोडून ॲम्स्टरडॅमला लिझ अर्विंग यांच्याकडे शिकायला गेली आणि २००५ मध्ये आठपैकी पहिले विश्वविजेतेपद घेऊन आली. इजिप्तच्या नूर एल शेरबिनी यांनी २०२५ मध्ये या आठ विजेतेपदांशी बरोबरी केली. त्या तेराव्या वर्षीच ज्युनियर विश्वविजेत्या झाल्या होत्या, पण त्यांनाही मोठ्या गटातील पहिल्या विश्वविजेतेपदासाठी २०१६ पर्यंत थांबावे लागले.

आपल्याकडच्या जोश्ना चिनप्पांना मात्र विसरू नका. त्या चौदाव्या वर्षी राष्ट्रीय विजेत्या झाल्या, २००५ मध्ये त्यांनी ब्रिटिश ज्युनियर ओपनमध्ये एकोणीस वर्षांखालील गट जिंकला, आणि जगातल्या पहिल्या दहांत त्या आल्या २०१६ मध्ये. भुवनेश्वरी कुमारी यांचा सोळा राष्ट्रीय विजेतेपदांचा विक्रम त्यांनी मोडला तो २०१९ मध्ये. दीपिका पल्लीकल यांच्याबद्दल सांगताना मी पदकांपाशी फार थांबत नाही. स्त्री-पुरुषांना सारखी बक्षिसाची रक्कम मिळत नाही म्हणून त्या काही वर्षे राष्ट्रीय स्पर्धाच खेळल्या नाहीत आणि रक्कम सारखी झाल्यावर २०१६ मध्ये परतल्या, हे मुलींना कळले पाहिजे असे मला मनापासून वाटते. पुढे जुळ्या मुलांच्या जन्मानंतर काही महिन्यांतच, एप्रिल २०२२ मध्ये, त्यांनी जोश्ना यांच्यासोबत महिला दुहेरीचे आणि सौरव घोषाल यांच्यासोबत मिश्र दुहेरीचे विश्वविजेतेपद जिंकले. अनाहत सिंग २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत चौदा वर्षांची होती, म्हणजे आपल्या मुलीहून फार मोठी नव्हती. तिचे सामने मुलीने जरूर पाहावेत, पण तिच्याशी तुलना घरात कोणी करू नये.

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या गोव्यात पावसाळ्यात दमट हवेने कोर्टाच्या भिंतींना घाम सुटतो, चेंडू भिंतीवर नीट न उसळता निसटतो, जमीन ओलसर होऊन पाय सरकतो आणि सराव थांबवावाच लागतो. तशा एखाद्या संध्याकाळी तिच्याबरोबर बसून कैरोच्या त्या सामन्याचा चौथा गेम पाहा. निकोल यांच्याकडे ती आपणहून बघेलच. आपण तिला रनीम यांच्याकडे बघायला सांगा.