सुतारकामाचा छंद असलेल्या माणसाने टास्मानियात आठ दिवस कसे घालवावेत?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये पुण्याहून मुलाकडे मेलबर्नला येताय, निवृत्तीनंतर सुतारकाम शिकलात, आणि टास्मानिया बेटावर तुम्हाला लाकूड बघायचंय, पत्नीला बाजार आणि मुलाला जंगलातली पायपीट (इथे तिला बुशवॉकिंग म्हणतात). तिन्ही एका सहलीत बसेल का, असा प्रश्न आहे. आरामात बसेल. मी मेलबर्नलाच राहतो, गॅरेजमध्ये रंधा-पटाशी घेऊन बसणाऱ्यांपैकी आहे आणि आतापर्यंत तीनदा तिकडे जाऊन आलोय.

पण आधी एक सांगतो. पहिल्या दिवशी लाकूड विकत घेऊ नका. मी घेतलं होतं. टास्मानियाची राजधानी होबार्ट, तिथल्या एका दुकानात ह्युऑन पाईन या तिकडच्या खास लाकडाची चार फुटी फळी दिसली, वास घेतला आणि भुललो. किती सुकलीय ते विचारलं नाही, तिचं करणार काय हेही ठरवलं नव्हतं. चार दिवसांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या स्ट्रॉन गावी पोचलो तर तिथे याच लाकडाचे कापून उरलेले तुकडे ढिगाने मांडलेले, कितीतरी स्वस्त. आणि घरी आणलेली फळी एका उन्हाळ्यात टोकाला चिरली. चूक दुकानदाराची थोडी, माझ्या उतावळेपणाची जास्त. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी झाड उभं बघायचं, मग लाकूड हातात घ्यायचं, आणि पैसे त्यानंतरच काढायचे.

म्हणून होबार्टला शुक्रवारी रात्रीपर्यंत पोचा, आठ दिवस शनिवारपासून मोजायचे. शनिवारी सॅलामॅन्काचा बाजार भरतो. 1972 पासून दर शनिवारी भरतो, दगडी गोदामांच्या रांगेसमोर, सुमारे तीनशे स्टॉल. सकाळी साडेआठला जा, दहानंतर चालायला जागा उरत नाही. पत्नीला तिथे चार तास सहज लागतील. तुम्ही मात्र लेथवर काम करणाऱ्यांचे स्टॉल शोधा आणि हात खिशातच ठेवा. वाडगा उचलून 'हे कोणतं लाकूड?' एवढंच विचारत सुटा. दुपारपर्यंत पाच नावं डोळ्यांना ओळखता येतील: पिवळसर, लोण्यासारखं ह्युऑन पाईन, गुलाबी-लालसर मर्टल, काळ्या-करड्या रेघांचं ससाफ्रास (ती नक्षी बुरशीमुळे येते, रंग दिलेला नसतो), फिकट सेलरी-टॉप पाईन, जे होड्यांना वापरतात, आणि ब्लॅकवूड. ब्लॅकवूड नावाला फसू नका, ते शिसवासारखं काळं नसतं, सोनेरी तपकिरी असतं. आपल्या कोकणात रस्त्याकडेला लावलेली 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' असते ना, तिचा हा थोरला भाऊबंद. खुर्ची-टेबलासाठी मला या पाचांत हेच सर्वांत आवडतं. ह्युऑन पाईनचं कौतुक सगळे करतात, पण ते मऊ आहे, नखानेही खळगा पडतो.

'टास्मानियन ओक' असंही एक नाव सगळीकडे दिसेल. तो ओक नाहीच. निलगिरीच्या तीन जातींना विक्रीसाठी दिलेलं ते नाव आहे. त्यातली एक जात उभी बघायची तर रविवारी माउंट फील्डला जा, होबार्टहून सव्वा तास. रसेल धबधबा अर्ध्या तासाच्या आत गाठता येतो, आणि जवळच उंच झाडांमधून जाणारी छोटी वाट आहे. फुलं येणाऱ्या झाडांत ही जात जगातल्या सर्वांत उंच जातींपैकी आहे. बुंध्याशी उभं राहून वर पाहिलंत की मान दुखेल.

तिथून पश्चिमेला लायेल हायवे धरा. वाटेत डरवेंट ब्रिजला 'द वॉल' आहे. ग्रेग डंकन या शिल्पकाराने ह्युऑन पाईनच्या 3 मीटर उंच पाट्यांवर टास्मानियाच्या डोंगराळ भागाचा इतिहास कोरलाय, दोन्ही बाजू मिळून 100 मीटर. 2005 मध्ये सुरुवात केली. आत फोटो काढू देत नाहीत, आणि तेच बरं आहे, नाहीतर आपण फोनमधूनच बघत बसलो असतो. पटाशी धरणाऱ्या माणसाने इथे किमान एक तास द्यावा. मुलगा कंटाळला तर त्याला शेजारच्या लेक सेंट क्लेअरच्या काठी सोडा.

पुढे क्वीन्सटाउनचे बोडके डोंगर लागतात. तांबं वितळवायच्या भट्ट्यांसाठी जंगल तोडलं, आणि त्या धुराने उरलंसुरलंही गेलं. लाकूड बघायला निघालेल्यांनी हेही पाहावं.

मग स्ट्रॉन. स्पेलिंगमध्ये 'ह' आहे, पण उच्चारात नाही. इथे दोन रात्री राहा, पाऊस गृहीत धरून. गॉर्डन नदीची बोट घ्या. ती सेरा बेटावर थांबते, जिथे 1822 ते 1833 कैद्यांची वसाहत होती आणि कैदी ह्युऑन पाईनची जहाजं बांधत. हे लाकूड ताजं असतानाच तरंगतं, म्हणून ओंडके नदीत सोडून खाली आणायचे. शिवाय कुजत नाही. चिखलात वर्षानुवर्षं पडलेला ओंडका आजही कापून वापरता येतो. त्याचं कारण त्यातल्या तेलात आहे, मिथाइल युजेनॉल. नाव ओळखीचं वाटलं? आंब्याच्या बागांत फळमाशीसाठी जे कामगंध सापळे टांगतात, त्यांतही तेच असतं. वास मात्र सापळ्यासारखा नाही, गोडसर आणि मसालेदार.

हे झाड वर्षाला जाडीत साधारण एक मिलीमीटर वाढतं. म्हणजे फूटभर जाडीचा बुंधा बाजीराव पेशव्यांच्या वेळी रोप होता, आणि दोन हजार वर्षांहून जुनी झाडंही आहेत. म्हणून जिवंत झाड आता तोडत नाहीत. विक्रीला येतं ते आपोआप पडलेलं, नदीने वाहून आणलेलं किंवा धरणात बुडालेलं लाकूड. स्ट्रॉनच्या धक्क्यावर सॉ मिल आहे, ओंडका कापताना दाखवतात. खरेदी इथे सुरू करा. विचारायचं एवढंच: भट्टीत सुकवलंय की हवेवर, आणि किती दिवस. टोकांना मेण लावलेलं असेल तर चांगलं लक्षण. पुण्याच्या पावसाळ्यात फळी फुगणार हे धरून जास्त रुंद घेऊ नका.

स्ट्रॉनहून क्रेडल माउंटनला दोन-सव्वादोन तास. डव्ह लेकची फेरी 6 किलोमीटरची, बऱ्याच ठिकाणी फळ्यांचीच वाट, तिघांनाही जमेल. दिवसा स्वतःची गाडी तलावापर्यंत नेऊ देत नाहीत, शटल बस घ्यावी लागते. पण तुम्ही वाइंडॉर्फर फॉरेस्टची वीस मिनिटांची वाट चुकवू नका. ज्याच्या नावाने ही वाट आहे त्या गुस्ताव वाइंडॉर्फरने 1912 मध्ये इथे किंग बिली पाईन या इथल्याच लाकडाचं घर बांधलं. हे लाकूड सरळ रेषेत फाटतं, त्यामुळे छपराच्या फळ्या करवतीशिवाय निघत. आता दिसतं ते नंतर पुन्हा उभारलेलं घर आहे, पण भोवतालची शेवाळलेली झाडं खरी. बुटांना ब्रश मारून आत जायची सोय असते ती वापरा, मुळं कुजवणारा रोग चिखलातून पसरतो. आणि पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, राष्ट्रीय उद्यान आहे. मार्चमध्येही बर्फ पडू शकतो, रेनकोट सॅकमध्येच राहू दे.

शेवटचा टप्पा लॉन्सेस्टन. शनिवारी सकाळी हार्वेस्ट बाजार असतो, खाण्यापिण्याचा. पत्नीसाठी लेदरवूड नावाच्या झाडाच्या फुलांचा मध इथून घ्या, चव उग्र आहे, आवडेल असं नाही, पण तो टास्मानियातच तयार होतो. सिटी पार्कमधल्या डिझाइन टास्मानियात स्थानिक लाकडाच्या फर्निचरचा संग्रह आहे. आपण घेतलेल्या फळीचं काय होऊ शकतं ते तिथे कळतं, आणि थोडं खजीलही व्हायला होतं.

संध्याकाळी पाचनंतर गाडी चालवू नका, मुक्कामावर असा. अंधार पडायच्या सुमारास वॉलबी आणि वॉम्बॅट हे प्राणी रस्त्यावर येतात. मुलाची गाडी नेणार असाल तर टास्मानियाची बोट आता मेलबर्नहून नाही, जिलाँगहून सुटते, 2022 पासून. चढताना ताजी फळं-भाज्या काढून घेतात. आमच्या डब्यातली लिंबं आणि कढीपत्ता तिथेच राहिला.

भारतात न्यायचं म्हणाल तर कच्चं लाकूड, विशेषतः साल असलेलं, विमानात घेऊन जायच्या फंदात पडू नका, वनस्पती संगरोधाचे (क्वारंटाइनचे) नियम आहेत. त्यापेक्षा मुलाच्या गॅरेजमध्ये आठवडाभर बसून एखादी डबी किंवा पेटी करा आणि ती न्या. पुण्याहून येताना तुमचा छोटा रंधा घेऊन या, फक्त तो चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको.